गोंदियाचं गुप्त गिऱ्हाईक

गोंदियात कुठलीही वस्तू गुपचूप विकत घेणं अशक्य आहे. गोरेलाल चौकातल्या एखाद्या दुकानात साधा रुमाल घ्यायला शिरा. दुकानदार रुमालाचा गठ्ठा उघडण्याआधी तुम्हाला निरखून पाहतो आणि विचारतो, "तुम्ही रेलटोलीवाल्या मास्तरांचे जावई ना जी?" नाही म्हणालात, तर तो अस्वस्थ होतो. तुम्ही कुणाचे कोण, याचा उलगडा होईपर्यंत गठ्ठ्याची गाठ सुटत नाही. उलगडा झाला की तो रुमाल दाखवतो, भाव सांगतो आणि तुमच्या सासऱ्यांनी मागच्या दिवाळीत नेलेल्या बनियनचं मापही सांगतो. तुम्ही घरी पोचायच्या आत तुमच्या रुमालाची बातमी घरी पोचलेली असते आणि दारातच विचारणा होते, "सर्दी झाली म्हणे?"

१ मे १९९९ रोजी भंडाऱ्यातून फुटून हा जिल्हा वेगळा झाला. तालुके आठ, २०११च्या जनगणनेत लोकसंख्या तेरा लाखांवर. एका अंगाला मध्य प्रदेश, दुसऱ्या अंगाला छत्तीसगड. इथं मराठी बोलतात, हिंदी बोलतात, पोवारी, झाडीबोली, गोंडी, छत्तीसगढी बोलतात. बाजारपेठेत सिंधी आणि गुजरातीही ऐकू येते. पण अनोळखी माणूस दिसला की या सगळ्या भाषांमधला पहिला प्रश्न एकच असतो, "कोणाचा होय गा तू?"

अशा या जिल्ह्यात राहून आपण 'मिस्ट्री शॉपर' होणार असल्याचं माझ्या भाच्यानं जाहीर केलं. जाहीर केलं म्हणजे अंगणात उभं राहून, दोन्हीकडच्या शेजाऱ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात. गुप्त कामाचा शुभारंभ असा झाला.

"म्हणजे करायचं काय?" मी विचारलं.

"मामा, कंपनी आपल्याला गिऱ्हाईक बनवून स्वतःच्याच दुकानात पाठवते. आपण जायचं, सामान घ्यायचं. नोकर कसा बोलला, किती वेळ उभं ठेवलं, फरशी पुसलेली होती का, बिल दिलं का, हे सगळं ध्यानात ठेवायचं आणि घरी येऊन लिहून पाठवायचं. सामानाचे पैसे परत मिळतात, वर मेहनताना. दुकानात कोणालाच पत्ता लागू द्यायचा नाही."

ताई, म्हणजे त्याची आई, ओट्यावर तांदूळ निवडत होती. मान वर न करता ती म्हणाली, "हे काम मी लग्न झाल्यापासून फुकटात करून रायली. मले कोणी पगार नाही देल्ला."

ताईच्या म्हणण्यात तथ्य होतं. हा जिल्हा धानाचा. इथं तांदूळ विकत घेणं हे पूर्ण दुपारचं काम असतं. ताई दुकानात जाते, पोत्यात हात कोपरापर्यंत घालून तळातला तांदूळ वर काढते, कारण वरचा तांदूळ दाखवायचा असतो हे तिला ठाऊक आहे. मग तो तळहातावर पसरून फुंकर मारते, कणी किती ते पाहते, वास घेते आणि दोन दाणे दाताखाली फोडते. नवा तांदूळ शिजल्यावर चिकट होतो, जुना मोकळा होऊन फुगतो, म्हणून जुन्याला भाव जास्त आणि म्हणूनच दुकानातला प्रत्येक तांदूळ जुना असतो. दुकानदार "एचएमटी आहे" म्हणतो. चंद्रपूर जिल्ह्यातल्या नांदेड गावच्या दादाजी खोब्रागडे यांनी आपल्या शेतात निवडून काढलेल्या या धानाला घड्याळाचं नाव मिळालं. पण ते घेताना ताई घड्याळाकडे पाहत नाही. शेवटी ती "बरा आहे" एवढंच म्हणते आणि दुकानदार सुटकेचा श्वास सोडतो. घरी आल्यावर तिचा अहवाल आख्ख्या गल्लीला तोंडी सादर होतो. त्यात नोकराची वागणूक, वजनकाट्याची दिशा, मालकाच्या सुनेची तब्येत, सगळं येतं.

भाच्यानं मोबाइलवरून इतिहास वाचून दाखवला. अमेरिकेत १९४०च्या दशकात या धंद्याला 'मिस्ट्री शॉपिंग' हे नाव पडलं. दुकानातले नोकर गल्ल्यातून पैसे तर लांबवत नाहीत ना, हे पाहायला आधी अशी माणसं पाठवत. पुढे नोकर हसून बोलतात का, हेही तपासायला लागले. आता बँका, मोटारींची शोरूम, पेट्रोल पंप, हॉटेलं, कपड्यांची मोठी दुकानं अशा सगळ्यांकडून हे काम निघतं आणि मधल्या सर्वेक्षण कंपन्या ते माणसांकडून करून घेतात.

यात नवं ते एवढंच, की खासगी कंपन्या यासाठी पैसे देतात. सरकार हे काम केव्हापासून करतंय. खरीप सुरू झाला की कृषी खात्याचं भरारी पथक कृषी केंद्रात बनावट शेतकरी पाठवतं. तो युरियाची ४५ किलोची गोणी मागतो. गोणीवर भाव छापलेला असतो २६६ रुपये ५० पैसे. दुकानदार जास्त मागतो का, किंवा "युरिया पायजे तर ही बाटलीही घ्यावी लागेल" म्हणत नको असलेलं औषध गळ्यात मारतो का, हे पाहायचं असतं. अडचण अशी, की बनावट शेतकऱ्याची पँट इस्त्रीची असते. खरा शेतकरी उधारीवर मागतो, हा नगद काढतो. दुकानदाराला तेवढी खूण पुरते. तो अदबीनं छापील भावात गोणी देतो, पक्कं बिल देतो आणि पाठीमागून चहाही पाठवतो.

लाचलुचपत प्रतिबंधक खात्याचा सापळाही याच जातीचा. तक्रारदार फिनॉल्फ्थॅलिनची पावडर लावलेल्या नोटा देतो, साहेब त्या घेतात, मग साहेबांचे हात सोडियम कार्बोनेटच्या पाण्यात बुडवले की पाणी गुलाबी होतं. गर्भलिंगनिदानाविरुद्धचा १९९४चा कायदा आल्यावर सोनोग्राफी केंद्रांवर खऱ्याखुऱ्या गरोदर बाया 'डिकॉय' म्हणून गेल्या, आणि ते धाडसाचं काम होतं. २०१२मध्ये तर एका अभ्यासातून खोट्या रोग्यांची हकिकत छापून आली. दिल्लीत आणि आमच्या शेजारच्या मध्य प्रदेशातल्या खेड्यांत शिकवून तयार केलेली माणसं डॉक्टरांकडे गेली. कुणी छातीत दुखतंय म्हणालं, कुणी दमा सांगितला, आणि कुणी घरी असलेल्या मुलाला जुलाब होताहेत म्हणून औषध मागितलं. मूल अस्तित्वातच नव्हतं. तरीही त्याला औषधं मिळाली. योग्य निदान करणारे मात्र फार थोडे निघाले.

एवढी परंपरा ऐकून भाच्याचा उत्साह दुणावला. त्यानं आधी गावातच सराव करायचं ठरवलं आणि एका मोबाइलच्या दुकानात अनोळखी गिऱ्हाईक म्हणून शिरला. त्याचा अहवाल मी वाचला आहे. स्वागताला लागलेला वेळ: दोन सेकंद. स्वागताचे शब्द: "अबे, तू इकडं कसा?" विक्रेत्याला मालाची माहिती होती का: ठाऊक नाही, माल दाखवलाच नाही. विक्रेत्यानं ग्राहकाच्या गरजा समजून घेतल्या का: हो, नोकरी लागली का, लग्नाचं पाहताहेत का, आईच्या गुडघ्याचं कसं आहे, सगळं विचारलं. इतर शेरा: चहा दिला, समोसा नको म्हटलं तरी दिला.

त्यावरून एक गोष्ट ठरली. काम करायचं तर नागपुरात. तिथं कुणी कुणाला विचारत नाही, आणि ब्रँडची दुकानंही तिथंच. पण तिथपर्यंतचं रेल्वेचं तिकीट, वरचा चहा-नाश्ता आणि परतीचा प्रवास वजा केल्यावर मेहनतान्यातून काय उरतं, याचा हिशेब ताईनं बोटांवर केला आणि बोटं उरली.

खरं काम कसं असतं, हे भाच्यानं नागपूरला राहणाऱ्या एका मित्राकडून समजून घेतलं. ते ऐकताना माझा डोळा लागत होता. खरं काम असं कंटाळवाणं असतं, ही खूण पुढे फार कामाला आली, म्हणून थोडं तपशिलात सांगतो.

सर्वेक्षण कंपनीकडे नाव नोंदवायचं, ते फुकट. मेहनताना जमा करायला ती बँक खात्याचा क्रमांक आणि पॅन मागते. ओटीपी, पिन, कार्डाच्या मागचे तीन आकडे कधीच मागत नाही. मग एक सूचनापत्र येतं, लांबलचक. अमुक तारखेला, अमुक वेळेच्या दरम्यान जा. समजा पेट्रोल पंप मिळाला. तर पाहायचं काय? पेट्रोल सोडण्याआधी पोरगा "झिरो पाहा" म्हणाला का. हवा फुकट भरली का. प्यायचं पाणी आहे का. स्वच्छतागृह उघडं आहे की त्याची चावी मॅनेजरच्या खिशात आहे. शंका आली तर पाच लिटरचं प्रमाणित माप मागून पेट्रोल मोजून घेण्याचा हक्क ग्राहकाला असतो. ते माप मागितल्यावर पंपावरच्या माणसाच्या चेहऱ्यावर काय उमटतं, याचा रकाना मात्र अर्जात नसतो.

आणि मत लिहायचं नाही! "माणूस चांगला वाटला" असं लिहिलंत की अहवाल परत येतो. लिहायचं असतं, "११ वाजून ४ मिनिटांनी आत गेलो, ११ वाजून ९ मिनिटांनी पहिली विचारपूस, नाव शर्टावर लावलेलं होतं." आमच्याकडच्या माणसाला ही अट जड जाते. गोंदियात माणूस लग्नाला जाऊन आला तर मुहूर्त किती वाजताचा होता हे त्याला आठवत नाही, पण वांग्याच्या भाजीवरचं मत त्याच्याकडे आजन्म टिकतं.

त्याच दिवशी अहवाल भरायचा, बिलाचा स्वच्छ फोटो जोडायचा. फोटोत बोट आलं तर परत. मग कंपनीची माणसं तपासतात, शंका विचारतात. मेहनताना बहुधा काही शेकड्यांत, आणि तोही काही आठवड्यांनी. महिन्याचा पगार म्हणून यावर घर चालत नाही. फार तर मोबाइलचं बिल आणि मधूनमधून फुकटचा पिझ्झा. जुने खेळाडू सांगतात, सुरुवातीला लहान कामं मन लावून करा, अहवालांना चांगले गुण मिळाले की मोठी कामं येतात. या धंद्यातल्या कंपन्यांची एमएसपीए नावाची जागतिक संघटनाही आहे, सभासद कंपन्यांची यादी ती देते. यादीत नाव शोधणं हे पहिलं पाऊल.

भाचा यादी शोधत बसला होता, तेवढ्यात कामच त्याला शोधत आलं.

सकाळी परदेशी क्रमांकावरून व्हॉट्सॲपवर निरोप. फोटोत सुटातली बाई, नावापुढे एचआर. "सर, आपला बायोडेटा आम्हाला फार आवडला." भाच्यानं बायोडेटा कुणालाच पाठवलेला नव्हता. पण त्याला 'सर' म्हणणारं माणूस आयुष्यात पहिल्यांदाच भेटलं होतं. गावात त्याला 'सर' म्हणायला अजून कुणी धजावलेलं नाही. तो घेतो त्या शिकवणीतली पोरंसुद्धा 'दादा' म्हणतात.

"दिवसाला तीन ते पाच हजार, घरबसल्या. हॉटेल आणि दुकानांना रेटिंग द्यायचं, बस."

इथून पुढचा प्रवास देशभर सारखाच आहे, इतका की पोलिसांना तो पाठ झालाय. आधी जयपूरच्या, उटीच्या, कुठल्या कुठल्या हॉटेलांना पाच तारे द्यायला सांगतात. एका रेटिंगचे पन्नास-दीडशे रुपये, आणि ते खरोखर जमा होतात. हेच गळाचं आमिष, आणि मासा आपण. मग टेलिग्रामच्या गटात घेतात. तिथं शे-दीडशे माणसं, सगळी तृप्त. "मॅडम, आज अठरा हजार मिळाले", "सर, तुमच्यामुळे बहिणीचं लग्न झालं". लग्नाच्या पंगतीतसुद्धा इतकी माणसं एकाच वेळी समाधानी नसतात, आणि तिथं तर फुकट जेवण असतं. ही सगळी मंडळी त्याच टोळीची, एकेका माणसाच्या वीस-वीस खात्यांची.

नंतर 'प्रीपेड टास्क' येतो. हजार भरा, तेराशे घ्या. मिळतात. पाच हजार भरा. पडद्यावर साडेसहा दिसतात. वीस हजार भरा. आता पैसे काढायला गेलं की खातं 'फ्रीझ' होतं, कारण तुमचा 'क्रेडिट स्कोअर' कमी. तो वाढवायला तीस हजार. मग 'कर' भरायला पन्नास. माणूस आधीचे पैसे वाचवण्यासाठी पुढचे भरत जातो. डिसेंबर २०२३मध्ये केंद्रीय गृह खात्यानं अशा गुंतवणूक आणि अर्धवेळ नोकरीच्या टोळ्यांची शंभरावर संकेतस्थळं एका दमात बंद केली. टोळ्यांनी तेवढ्याच दमात नवी उघडली असणार.

अमेरिकेतला प्रकार वेगळा. तिथं 'गुप्त गिऱ्हाईक' म्हणून निवडलेल्या माणसाला घरी दोन-तीन हजार डॉलरचा चेक येतो. तो खात्यात भरा, त्यातले तुमचे ठेवा आणि उरलेल्यांची गिफ्ट कार्डं घेऊन त्यांचे आकडे कळवा, म्हणजे त्या दुकानाची तपासणी होईल. बँक चेकचे पैसे आधी दाखवते, चेक खोटा असल्याचं काही दिवसांनी कळतं. तोवर गिफ्ट कार्डं रिकामी होतात आणि बँक सगळे पैसे आपल्याकडून वसूल करते. आपल्याकडे चेकची एवढी वाट कुणी पाहत नाही. इथं "२५,००० जमा" असा खोटा संदेश येतो आणि पाठोपाठ फोन, "सर, चुकून जास्त गेले, वीस परत करा ना." आणखी एक देशी आवृत्ती आहे: आधी ओळखपत्र, बॅग आणि 'किट' यांचे दीड हजार भरा. ओळखपत्र! गुप्त गिऱ्हाइकाला! ते गळ्यात घालून दुकानात शिरायचं, की दाखवून सवलत मागायची?

भाच्याला पहिला दगा मात्र पैशांचा नव्हता. त्याला सांगितलं होतं, जयपूरच्या हॉटेलबद्दल लिही, "खोल्या स्वच्छ, जेवण उत्तम." तो लिहायला बसला, तेव्हा ताईनं शेजारून विचारलं, "जयपूरले कधी गेला होतास?"

"आई, जायचं नाही, फक्त लिहायचं."

"मंग हे तर खोटं बोलणं झालं. आपण खोटं बोलायचे पैसे घ्यायचे, आणि देणारा आपल्याशी खरं बोलंल म्हणतोस?"

या एका वाक्यापुढे भल्याभल्यांची जागृती-व्याख्यानं फिकी पडावीत. खरं गुप्त गिऱ्हाईक दुकानात जातं, पाहतं आणि पाहिलेलंच लिहितं. इथं न पाहिलेलं लिहायचे पैसे मिळतात. नोव्हेंबर २०२२मध्ये सरकारनं खोट्या अभिप्रायांना आळा घालायला आयएस १९०००:२०२२ नावाचं मानक काढलं आहे. ते ताईनं वाचलेलं नाही. मानकालाही ताई ठाऊक नाही. दोघं एकाच निष्कर्षाला पोचले एवढं खरं.

इथं मला गोंदियाचं एक कोडं सांगायचं आहे. पाच किलो तांदळासाठी पोत्याच्या तळापर्यंत हात घालणारी माणसं आम्ही. मुलगी द्यायची तर मुलाच्या तीन पिढ्या, शेतीचा सातबारा, काकाचं व्यसन आणि मामाची नोकरी यांची चौकशी झाल्याशिवाय पोहे खात नाही. आमच्याकडे अनोळखी माणूस एसटीतून उतरून चौकातून घरापर्यंत पोचायच्या आत त्याचं गोत्र लोकांना माहीत होतं. आणि हीच माणसं मोबाइलवर आलेल्या बाईला नाव विचारत नाहीत, गाव विचारत नाहीत, हजार रुपये पाठवतात! जुलै २०२३मध्ये नागपूर पोलिसांनी गोंदियातल्या एका घरावर छापा घातला. ऑनलाइन जुगारात ५८ कोटी रुपये गेल्याची एका नागपूरच्या व्यापाऱ्याची तक्रार होती. घरातून कोट्यवधींची रोकड, सोनं आणि चांदी निघाली. गल्लीत कुणी रुमाल घेतला तर आम्हाला कळतं. शेजारी एवढं निघालं ते वर्तमानपत्रातून कळलं.

चौकशी ही आमची सवय लोकांना खटकते. पुण्या-मुंबईची माणसं गोंदियात आली की वैतागतात, "यांना काय करायचंय आम्ही कुणाचे कोण ते?" पण माझं ठाम मत झालं आहे, की सायबर गुन्ह्यांवर याहून स्वस्त औषध अजून निघालेलं नाही. फसवणाऱ्याला घाई असते. चौकशीला घाई नसते.

याचा प्रयोग माझ्या डोळ्यांसमोर झाला. भाच्याला हजार भरायचा आग्रह चालू होता. ताईनं मोबाइल हातात घेतला, आवाजाचं बटण दाबलं आणि एचआर बाईला निरोप धाडला.

"नमस्कार. मी ह्याची आई. तुमचं पूर्ण नाव काय?"

पलीकडून पहिलं नाव आलं.

"हे झालं तुमचं. आडनाव?"

थोड्या वेळानं आडनावही आलं.

"हे आडनाव तर आमच्या तिरोड्याकडं आहे. तुम्ही तिरोड्याच्या का वो?"

"नो मॅडम, वी आर इंटरनॅशनल कंपनी."

"असू द्या. पण गाव कोणतं? आई-वडील कुठं राहतात? हाफिस कोणत्या चौकात आहे? आमचे भाऊ तिकडं येत राहतात, ते भेटून जातील. तुमचा जेवणाचा डबा घरून येते का?"

"मॅडम, प्लीज पे वन थाउजंड टू ॲक्टिवेट."

"देऊ ना जी. पैशाचं कायचं एवढं! पण काम तुमचं, माल तुमचा, मंग पैसे आम्ही काहून द्यायचे? मजुरीवर जाणाऱ्या बाईले मालक म्हणते का, आधी हजार रुपये दे, मंग रोवणी कर?"

यावर उत्तर आलं नाही. ताईनं पुन्हा विचारलं, "लग्न झालं का तुमचं?" आणि पाहता पाहता समोरचा फोटो नाहीसा झाला. माणसांना फसवणाऱ्यांची बँक-खाती पोलीस ब्लॉक करतात; फसवणाऱ्यांनीच ब्लॉक केलेली ताई ही माझ्या माहितीतली पहिलीच बाई.

तिच्या त्या निरोपांमध्ये सगळे नियम आले आहेत. काम देणारा पैसे देतो, मागत नाही. नोंदणी, किट, अनामत, प्रशिक्षण, कर, कुठल्याही नावानं मागितले तरी नाही. पत्ता असावा आणि त्या पत्त्यावर माणूस असावा. कंपनीची पत्रं तिच्याच संकेतस्थळाच्या नावानं यावीत, फुकटच्या ईमेलवरून नव्हे. यूपीआयचा पिन पैसे देताना लागतो, घेताना कधीच लागत नाही. कुणी "पैसे मिळवायला पिन टाका" म्हणाला की समजावं. आणि "तुमचं खातं आठ दिवस वापरायला द्या, दहा हजार देतो" म्हणणारा भेटला, तर पळावं. त्या खात्यातून दुसऱ्यांचे लुटलेले पैसे फिरतात, आणि पोलीस पहिल्यांदा येतात ते खातेदाराच्या दारात. गल्लीत मग ताईसारख्या सगळ्या जमतात.

तरीही गेलेच पैसे, तर लाजत बसू नये. ताबडतोब १९३० हा क्रमांक फिरवावा किंवा सायबर क्राइमच्या सरकारी पोर्टलवर तक्रार टाकावी. पैसे एका खात्यातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात पळत असतात. जितक्या लवकर कळवाल तितके वाटेत अडवता येण्याची आशा जास्त. आपल्याकडे माणूस आधी मेव्हण्याला सांगतो, मेव्हणा मित्राला, मित्र वकिलाला, आणि १९३०चा नंबर चौथ्या दिवशी येतो. गप्पांचे स्क्रीनशॉट पुसू नयेत. "तुमचे बुडालेले पैसे काढून देतो, आधी फी भरा" म्हणणारे दयाळू लोकही याच वेळी भेटतात. ते आधीच्याच टोळीचे मावसभाऊ असतात. फसवणुकीचं कलम आता बदललं आहे. १ जुलै २०२४पासून भारतीय न्याय संहितेत ते ३१८ झालं. 'चारसोबीस' हा जुना आकडा बाद झाला, पण ज्यांच्यासाठी होता ती मंडळी नोकरीत कायम आहेत.

भाच्यानं हट्ट सोडला नाही. यादीतल्या एका कंपनीकडे त्यानं फुकट नाव नोंदवलं. बऱ्याच काळानं नागपुरातल्या एका बुटांच्या दुकानाचं काम आलं. तो विदर्भ एक्स्प्रेसनं गेला, बूट पाहिले, घड्याळ पाहिलं, नोकराच्या शर्टावरचं नाव पाहिलं, बिल घेतलं. पहिला अहवाल परत आला, फोटोत बोट होतं. दुसराही परत आला, "नोकर जरा कंटाळलेला वाटला" हे मत निघालं. तिसरा मंजूर झाला. त्यानंतर पंधरा दिवस काहीच नाही. महिना गेला, काहीच नाही. भाच्यानं दोन पत्रं लिहिली. "प्रक्रिया चालू आहे" असं उत्तर आलं. आम्हाला वाटलं, हाही डाव फसला.

दीड महिन्यानं खात्यात पैसे आले. ठरले होते त्यापेक्षा थोडे कमी, कर कापून.

मोबाइल ताईसमोर धरून त्यानं आकडा दाखवला. ताईनं चष्मा लावून तो दोनदा वाचला आणि समाधानानं म्हणाली, "उशिरा देल्ले, कमी देल्ले. म्हणजे कंपनी खरी आहे."